शेवट सांगायचा नाही

१

वाचनालयाच्या दारावर पाटी होती: 'दर रविवारी दुपारी कादंबऱ्यांचे रसग्रहण. प्रवेश विनामूल्य.' मला वाटलं, रस मिळणार. ऊन मी म्हणत होतं, घसा सुकला होता, आणि फुकट म्हटल्यावर मी कशाला सोडतोय? जिना चढून वर गेलो. लांब टेबल, कुरकुरणारा पंखा, आणि तीन माणसं एकमेकांना नुकत्याच वाचलेल्या कादंबऱ्या सांगत बसलेली. रस कसला, पाण्याचा तांब्याही पालथा! पण पंख्याखाली बरं वाटलं म्हणून टेकलो, तो अजून टेकलेलाच आहे.

मी रंगारी. म्हणजे होतो. अर्ध्या शहराच्या भिंती माझ्या हातच्या. शिक्षण म्हणाल तर शाळेची भिंत आतून कमी आणि बाहेरून जास्त पाहिली, तीही रंगवताना. त्यामुळे असल्या शहाण्या मंडळींत बसायला मला फार गंमत वाटायची.

टेबलाच्या टोकाला मास्तरीणबाई. शाळेतून निवृत्त झाल्या, पण बोलताना बोटं अजून खडू धरल्यासारखी. त्यांना कुठलीही कादंबरी वाचली की अस्वस्थ वाटतं. मी एकदा म्हटलं, "बाई, हे औषधवाले शेजारीच बसलेत, घ्या की काहीतरी." औषधवाला म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानाचा मालक. तो कादंबरीसुद्धा गोळ्यांसारखी घ्यायचा, एक प्रकरण सकाळी, एक संध्याकाळी, जेवणानंतर. आणि ग्रंथपालीण. तरुण आहे, पण कुणी मोठ्यानं बोललं की ओठांवर बोट आणि "शू!" मी तिचं नावच शूताई ठेवलं. ती चिडली नाही. शू म्हणाली.

आता माझं सांगतो. कुठलंही पुस्तक मी पहिल्या काही पानांपलीकडे नेलेलं नाही. डोळ्यांवर झापड येते. पण टेबलाशी बसायचं तर पाळी येणारच. मग मी कादंबऱ्या तिथल्या तिथे रचायला लागलो. लोणकढी थाप! लेखकाचं नाव विचारलं की म्हणायचो, "नावात जोडाक्षरं फार आहेत हो, माझ्या जिभेला झेपत नाही." मंडळी माना डोलवायची. एकदा शूताईनं विचारलं, "आणि शेवट?" शेवट मी कुठे रचला होता? म्हटलं, "छे छे! शेवट सांगितला तर दुसऱ्यानं वाचायचं काय? माझं ऐकाल तर नियमच करा." सगळ्यांना पटलं. तेव्हापासून मंडळाचा नियम झाला. काहीही सांगा, शेवट सांगायचा नाही. कुणी घसरलाच तर बाकीच्यांनी शू करून त्याला गप्प करायचं.

नियम माझा. हे ध्यानात असू द्या.

२

त्या रविवारी माझी काहीच तयारी नव्हती. दुपारचं जेवण अंगावर आलं होतं. खिडकीतलं ऊन टेबलावर सांडलं होतं, आणि पंख्याची सावली त्यातून सावकाश फिरत होती, कुणी ऊन ढवळतंय अशी. माझी पाळी आली. अर्धवट झोपेत मी जे डोळ्यांपुढे आलं ते बोलत गेलो, आणि डोळ्यांपुढे आलं आमचंच घर.

"'मधली खोली' नावाची कादंबरी आहे," म्हटलं. "एक रंगारी असतो. त्याच्या तीन खोल्या, आगगाडीच्या डब्यांसारख्या एकामागं एक. पुढं बैठक, मागं स्वयंपाकघर, आणि मधली जी खोली, तिला खिडकीच नाही. भर दुपारीसुद्धा दिवा लावावा लागतो. सगळ्या शहराला यानं रंग दिला, पण ती खोली तेवढी राहिली. काम संपवून यायचा आणि ब्रशला उरलेला रंग तिथल्या भिंतीवर पुसायचा. भिंतभर नुसते पट्टे. बायको म्हणते रंगवा, हा म्हणतो उद्या."

"आणि मग?" शूताई.

"मग काही नाही. दुपार असते. घरात दोघंच असतात. आणि तरी त्याला वाटतं..."

"काय वाटतं?"

"ते वाचा की! सगळं मीच सांगू?"

मास्तरीणबाईंनी चष्मा काढून पुसला आणि शांतपणे म्हणाल्या, "वाचलीय मी ती. मला फार अस्वस्थ वाटलं."

अहो, माझ्या पोटात हसू मावेना! मी खोकल्याचं निमित्त करून तोंडावर रुमाल धरला. मी न वाचलेल्या कादंबऱ्या सांगतो, आणि ही बाई नसलेली कादंबरी वाचते! माझ्याहून वरताण निघाली.

३

घरी येऊन हिला सांगितलं. ही म्हणजे आमची मंडळी. ती जमिनीवर बसून वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हसून हसून तिच्या हातातली घडी मोडली.

"लाज नाही वाटत तुम्हाला? या वयात म्हाताऱ्या बाईंना शेंडी लावता?"

"मी कुठे, त्यांनीच मला लावली."

"आणि काय हो, कादंबरीत माझं काय केलंत?"

"तू मला रंगवा रंगवा म्हणून छळतेस."

"बस्स? बायकोला दुसरं कामच नाही का तुमच्या कादंबरीत?"

"देतो की पुढं काहीतरी," मी म्हटलं.

हिचा एक कान जरा दुरून ऐकतो. त्यामुळे तिला एक सवय लागलेली. कुणी हाक मारल्यासारखं वाटलं की ती लगेच "आले हं!" म्हणते. हाक मारलेली असो, नसो. मी पुढं बसलेलो असतो गप्प, आणि आतून येतं, "आले हं!" मागोमाग बांगड्या वाजतात आणि ही पदराला हात पुसत दारात उभी.

"कुणाला आले म्हणालीस?"

"तुम्हीच हाक मारलीत ना?"

मी मारलेली नसते. मग दोघं हसतो. आमचा जुना खेळ हा. कुणाला सांगावा एवढा मोठा नाही, म्हणून मी तो कधी कुणाला सांगितला नव्हता.

४

पुढच्या रविवारी माझ्या आधी मास्तरीणबाईच बोलायला लागल्या. "गेल्या वेळी काकांनी सांगितली ती 'मधली खोली' मी पुन्हा काढून वाचली. मला त्यातली बायको फार आवडली. कुणी न बोलावता ती 'आले हं' म्हणते ना, तिथं मी पुस्तक मिटलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले."

"हो, हो," औषधवाला म्हणाला. "आणि तिची बांगडी दाराच्या कडीला लागते, तो आवाज. मी तर दुकानात वाचत होतो. गिऱ्हाईक उभं, आणि मी ऐकतोय."

पंखा फिरत होता. माझा रुमाल खिशातच राहिला.

मी काही घाबरट माणूस नाही. शिडीवर उभं राहून आयुष्य काढलं. मी हिशोब केला. बाई कधी आमच्या खिडकीखालून गेल्या असतील, तेव्हा ऐकलं असेल. औषधवाल्याकडे तर ही नेहमी गोळ्या आणायला जाते. दोघांनी मिळून म्हाताऱ्याची फिरकी घ्यायची ठरवलं. वा, म्हटलं, शिष्य तयार झाले! आता गुरूनं एक टोला द्यायला हवा.

मी साळसूदपणे विचारलं, "बाई, त्या मधल्या खोलीच्या भिंतीवर पट्टे आहेत बघा. त्यात तुम्हाला कुठला पट्टा आवडला?"

बाईंनी डोळे मिटले. आठवताना मिटतात तसे. "कपाटामागचा," त्या म्हणाल्या. "निळा. त्याच्यावर तिचा पंजा उमटलाय ना, ओल्या रंगाला हात लागून. नवी नवरी असतानाचा. एवढासा पंजा. मग त्याच्यापुढं ते कपाट येतं, आणि तो विसरून जातो."

घरी आलो ते तडक मधल्या खोलीत. दिवा लावला, कपाटाला खांदा दिला. ही धावत आली. "अहो, कंबर मोडेल, काय चाललंय?"

मागं जाळी-जळमटं होती. आणि निळ्यात एवढासा पंजा.

ही खाली वाकली. आपला सुरकुतलेला हात तिनं त्यावर ठेवून बघितला आणि लहान मुलीसारखी हसली. "अगबाई! मी विसरलेच होते."

"कुणाला सांगितलं होतंस का?"

"मलाच आठवत नव्हतं, तर सांगू कुणाला?"

५

मग मी ते पुस्तक मागायला गेलो.

शूताई म्हणाली, "ते आत कधी नसतंच काका. एकाकडून परत आलं की दुसऱ्याकडे जातं. सगळ्यांनी वाचलं."

"कुणाकडे आहे आत्ता?"

"पण तुम्ही तर वाचलंय ना?"

आता काय सांगणार! आयुष्यात पहिल्यांदा मी खरं बोलायचं ठरवलं. पुढच्या रविवारी मंडळात उभा राहिलो. "मंडळी, ऐका. अशी कादंबरी नाही. मी ती रचली. इथं, या खुर्चीत, झोपेच्या गुंगीत. ते माझं घर आहे. ती माझी बायको आहे."

टेबलाभोवती हशा पिकला. औषधवाल्यानं डोळे पुसले. "काका, तुमचं म्हणजे ना! आता म्हणाल, पुस्तकातला रंगारी मीच."

"मीच आहे हो!"

"बरं बरं, बसा."

बसलो. हशा ओसरला, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मास्तरीणबाई हसल्याच नव्हत्या. त्या माझ्याकडे बघत होत्या. आजाऱ्याच्या उशाशी बसलेली माणसं बघतात तसं. मी टेबलावर पुढं वाकलो.

"बाई, शेवटी त्या बायकोचं काय होतं?"

"शू," शूताई म्हणाली.

"मला सांगा. आवाज येतो कुणाचा तिला? हाक कोण मारतं?"

"शू!" सगळे एकदम म्हणाले. गमतीनंच म्हणाले. पण त्या लांब खोलीत तो आवाज पोत्यातून वाळू ओतल्यासारखा आला आणि संपेपर्यंत फार वेळ लागला.

दुसऱ्या दिवशी मी हिच्या गोळ्या आणायला गेलो. औषधवाला एरवी गल्ल्यामागून उठत नाही. उठून बाहेर आला, पुडी माझ्या हातात ठेवली, आणि हात सोडेना. "वहिनींना सांभाळा काका," म्हणाला. "एवढं साधं असेल असं वाटत नाही हो वाचताना. नुसती उठून आत जाते." आणि आपण काय बोलून बसलो ते कळल्यावर जीभ चावून आत गेला.

६

मी उपाय काढला. हाक कुणाची ते कळत नाही ना? मग हाक माझीच असली पाहिजे. दिवसभर मीच हाका मारायला लागलो. "अगं!" "आले हं!" "ऐकलंस का?" "आले हं!" म्हणजे तिच्या प्रत्येक 'आले हं'ला माझी एक हाक आधीच लागलेली. मोकळं 'आले हं' घरात उरता कामा नये.

ही कावली. "काय हो, सारखं काय? मला काय दोरी बांधलीय?"

"तू दिसली नाहीस म्हणून."

"चाळीसदा दिसते दिवसातून. नवीन लग्न झाल्यासारखं करताय. लोक हसतील."

"हसू देत."

"बरं," ती म्हणाली, आणि लाजली. खरंच लाजली. मला रडायला यायला लागलं, म्हणून मी शीळ घातली.

पण माणूस झोपतो की नाही? दुपारी डोळा लागायचा. अर्धवट झोपेत मला मधल्या खोलीतून एक आवाज यायचा. हळू, कोरडा. उंदीर म्हटलं तर उंदीर नाही, पाल नाही. मी भिंतींवर आयुष्य काढलं, पोपडा सुटल्याचा आवाज मला कळतो, तो हा नव्हता. पुष्कळ दिवसांनी ओळख पटली, कारण असला आवाज मी फक्त त्या वाचनालयातच ऐकत होतो. कुणीतरी पान उलटत होतं.

आमच्या घरात पुस्तक नाही. दिनदर्शिका आहे, तीही स्वयंपाकघरात.

उठून जाऊन बघायचो. दिवा लावायचो. खाट, कपाट, पट्टे. अंथरुणाच्या वळकटीवर थोडासा खळगा. तसा तो नेहमीच असतो. मी स्वतःलाच म्हणायचो, रंगारीबुवा, दुसऱ्याला चकवता चकवता स्वतःच चकलात. दिवा मालवायचो. पुढच्या खोलीत येऊन बसेपर्यंत पुन्हा पान.

७

मंडळात मी एक शेवटचा डाव टाकून बघितला. कादंबरी माझी, तर शेवटही मीच करणार! माझी पाळी आल्या आल्या उभा राहून घाईघाईनं बोलायला लागलो, "'मधली खोली'चा शेवट असा आहे की ती बायको कुठेही जात नाही, ती खूप म्हातारी..."

"शू!"

"...होते, तिला दात राहत नाहीत, आणि रंगारी खोली रंगवतो, आणि..."

"शू! शू!" औषधवाल्यानं कानांवर हात ठेवले. शूताईनं पंखा बंद केला. माझा आवाज माझ्याच तोंडात राहिला. नियम म्हणजे नियम, माझाच.

जिन्यात मास्तरीणबाईंनी मला गाठलं. कठड्याला धरून त्या एक पायरी वर उभ्या होत्या. काखेत पिशवी. पिशवीत खाकी वेष्टन घातलेलं काहीतरी चौकोनी. माझी नजर गेली तशी त्यांनी पिशवी दुसऱ्या बाजूला घेतली.

"मी कधी नियम मोडलेला नाही," त्या म्हणाल्या. "आजही मोडत नाहीये. शेवट सांगत नाही. फक्त इतकंच, शेवटच्या प्रकरणात रविवार असतो. आणि तो घरी नसतो. तो मित्रांना गोष्ट सांगत असतो, आणि सगळे हसत असतात." त्यांनी खडूच्या बोटांनी पिशवी आवळून धरली. "पुढच्या वेळी येऊ नका काका."

८

रविवारी मी गेलो नाही. ही चकित. "आज रस नाही वाटतं?" एवढ्या वर्षांनी अजून तोच टोमणा!

मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो, तिच्यासमोर. ती चहा गाळत होती. मागच्या दारातून ऊन येत होतं, आणि वाफ त्या उन्हात चढत होती, इतकी सावकाश की वाटावं, दुपार इथंच थांबली आणि आता संध्याकाळ व्हायची नाही. हाक मारायची गरज नव्हती. ती माझ्या हाताच्या अंतरावर होती. तिच्या कानामागची पांढरी बट मला दिसत होती. मी सुखात होतो, खोटं कशाला बोलू?

मधल्या खोलीत पान उलटलं.

आणि आतून हाक आली. "अगं!"

माझा आवाज. माझाच. मी लाडात आलो की मारतो ती, शेवटी जरा वर चढणारी हाक. माझं तोंड मिटलेलं होतं. मी बोटांनी चाचपून बघितलं, मिटलेलं होतं.

हिनं गाळणी ठेवली. पदराला हात पुसले. मी समोर बसलेलो, तरी तिची नजर माझ्यावरून आरपार गेली, काचेवरून जाते तशी. चेहरा नवरीसारखा उजळला. ओठ उघडले. मला तो 'आ' दिसला.

मी आयुष्यभर लोकांच्या तोंडचे शब्द पळवून थट्टा केली. तीच सवय कामाला आली. तिच्या आधी मीच ओरडलो.

"आलो हं!"

आणि पाटावरून उठून, तिच्या पुढून, मधल्या खोलीचा पडदा सारून आत.

दिवा लावलेला नव्हता. स्वयंपाकघरातला थोडा उजेड पडद्याखालून येत होता, पायांपुरता. भिंतीवरचे पट्टे अंधारातही मला ओळखू येतात. हे शाळेचं पिवळं, हे दवाखान्याचं हिरवं. मध्ये एका जागी पट्टे दिसत नव्हते. त्या जागी खाटेवर कुणीतरी पाठमोरं बसलं होतं, भिंतीकडे तोंड करून, मान खाली घालून. वाचणारा माणूस बसतो तसं. मांडीवर काहीतरी पांढुरकं उघडं होतं. डावीकडे पानांचा ढीग जाड, उजवीकडे अगदी पातळ.

माझी चाहूल लागली. बोटानं खूण धरून ठेवल्यासारखा हात थांबला. मग मान हळूहळू वर यायला लागली.

पाठीमागून बांगडी कडीला लागली.

"अहो," ही म्हणाली, "चहा गार होतोय. काळोखात काय शोधताय?"

खाटेवर वळकटी होती.

९

झालं ते एवढंच. ही ठणठणीत आहे. मी खोली रंगवली, पांढरीशुभ्र. फक्त निळा पट्टा ठेवला, पंजा असलेला. ही रोज येताजाता त्यावर हात ठेवून बघते आणि म्हणते, बघा, अजून बसतो.

मग पुन्हा मंडळात गेलो. माझी खुर्ची तशीच होती. औषधवाला कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "काय गंमत आहे, मी परत वाचली, तर मला आठवत होता तसा शेवटच नाही."

"माझंही तेच झालं," शूताई म्हणाली. "बायको तर..."

"शू," मास्तरीणबाई म्हणाल्या.

आणि मग तिघंही माझ्याकडे बघायला लागली. मी हिच्याबद्दल विचारलं तेव्हा बघत होती तसं नाही. थेट माझ्याकडे. मी म्हटलं, "काय बघताय? रस मिळणार आहे का आज?" कुणी हसलं नाही. अशा वेळी माणसाला कळतं, आपला विनोद किती जुना झाला ते.

आज दुपारी पुढच्या खोलीत बसून हे लिहितोय. मन लावून लिहीत होतो. आतून हिची हाक आली, गोड, तरणीताठी असताना मारायची तशी. मी कागद बाजूला ठेवून म्हटलं, "आलो हं!"

पडदा सरला. ही दारात उभी. हातात कपड्याची अर्धी घडी.

"कुणाला आलो म्हणालात?"

"तूच हाक मारलीस ना?"

आमच्या खेळात इथं दोघांनी हसायचं असतं. मी हसलो. ही नाही हसली. तिनं घडी खाली टाकली आणि माझ्या शेजारी येऊन बसली, अगदी चिकटून, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून ठेवला. अजून धरलाय. डाव्या हातानं लिहितोय, म्हणून अक्षर असं.

मधल्या खोलीत कुणीतरी पान उलटतंय. उजवीकडे किती उरली असतील, माझा अंदाज आहे. पण विचारू नका. नियम माझाच आहे.